सर्व्हेसाठी सॅम्पल किती घ्यायचं? आधी रिकामे तक्ते काढा

“मॅडम, शंभर बास हुत्यात न्हवं?”

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की हा प्रश्न घेऊन मुलं राजारामपुरीत माझ्या घरी येतात. एम.बी.ए.ची, एम.एस.डब्ल्यू.ची, एम.एड.ची, अधूनमधून पीएच.डी.चीसुद्धा. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. आता रिटायर झाले, पण कुणाची भाची, कुणाचा पुतण्या येतच असतो. शंभरच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: सिनियरच्या ब्लॅक बुकात, म्हणजे बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टात, शंभर होते. सिनियरनं कुठून आणले? त्याच्या सिनियरकडून. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘दहा टक्के’, ज्यांचा अभ्यास करायचा त्या सगळ्यांतले. हे बहुतेक वेळा गाईडनी सांगितलेलं असतं, त्यामुळे पोरं जरा जास्तच ठाम असतात.

दोन्ही आकडे हवेतले आहेत. मी त्यांना एकच विचारते: रिपोर्टच्या शेवटी तुला नक्की कुठलं वाक्य लिहायचंय, आणि ते कोणाबद्दल? तेवढं पक्कं झालं की सॅम्पलचा आकडा अर्ध्या तासात निघतो. ते पक्कं नसेल तर पाचशे फॉर्म भरून आणले तरी शेवटी काय लिहायचं हे कळत नाही.

दहा टक्क्यांचं भूत

हे आधी उतरवू, कारण ते सगळ्यांच्या मानगुटीवर असतं.

दूध संस्थेत सकाळच्या संकलनाला उभं राहिलात तर दिसेल, कोणी तीन लिटर घालतो, कोणी चाळीस. फॅट काढायला सॅम्पल मात्र दोघांचंही सारखंच घेतात, चमचा-दोन चमचे. चाळीस लिटरवाला “माझं दूध जास्त, सॅम्पल जास्त घ्या” असं कधी म्हणत नाही. तो ओरडतो ते दुसऱ्याच गोष्टीवरून: “आधी ढवळ की नीट!” स्निग्धांश वर चढलेला असतो, न ढवळता वरून घेतलं तर फॅट चढतं, तळातून घेतलं तर पडतं.

सर्व्हेचंही असंच आहे. पॉप्युलेशन, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ती सगळी मंडळी, किती मोठं आहे यानं फार फरक पडत नाही. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३५ हजारांच्या आसपास होती, आणि करवीरची, कोल्हापूर शहर धरून, दहा लाखांच्या वर. दहा टक्क्यांच्या नियमानं गगनबावड्यात ३,५०० माणसं आणि करवीरमध्ये एक लाख माणसं विचारावी लागतील. प्रत्यक्षात सारख्याच अचूकतेसाठी गगनबावड्यात ३८० लागतात आणि करवीरमध्ये ३८५. पाच माणसांचा फरक. हे ३८५ कुठून आले ते पुढे सांगतेच, पण पोरांना एवढं ऐकवलं की दहा टक्के आपोआप खाली बसतात.

पॉप्युलेशन अगदीच लहान असलं तर गोष्ट वेगळी. समजा तुमचा विषय चपलांच्या दुकानदारांचा आहे आणि यादीत मोजून १२० दुकानं आहेत. हिशेबानं ९२ येतात. ९२ निवडायची आणि २८ सोडायची यात शहाणपण नाही. सगळी १२० करा आणि सॅम्पलिंगचं प्रकरणच मिटवा.

पाठकोऱ्या कागदावरचे तक्ते

पुढचा सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू. एक मुलगी आली होती, विषय होता करवीर तालुक्यातले दूध उत्पादक पशुखाद्य कुठून घेतात, दूध संघाचं की बाजारातलं, आणि का. मदतीला वर्गातले दोघे, गाड्या दोन, हाताशी तीन आठवडे. प्रश्नावली छापून तयार, चाळीस प्रश्न. (प्रश्नावली आधी छापायची आणि विचार मागून करायचा, ही आपल्याकडची रीतच आहे.)

मी तिला पाठकोरा कागद दिला. म्हटलं, “प्रश्नावली बाजूला ठेव. चौथ्या प्रकरणात जे तक्ते येणार ते काढ. आकडे नकोत, नुसत्या रेघा आणि मथळे.”

पहिला तक्ता पटकन झाला: संघाचं पशुखाद्य, बाजारातलं, दोन्ही, घरचंच. दुसरा जनावरांच्या संख्येप्रमाणे: एक-दोन, तीन ते पाच, सहा आणि वर. मग तिला वाटलं, म्हशीवाले आणि गाईवाले वेगळे दाखवावेत. मग वाटलं, खरेदीचा निर्णय घरात बाई घेते की पुरुष, हेही घ्यावं. आणि शेवटी हे सगळं एकत्र गुंफून एक मोठा तक्ता. तीन गट, दोन प्रकारची जनावरं, दोन निर्णय घेणारे. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा.

“आता तुझी शंभर माणसं या बारा खान्यांत टाक.”

खान्याला आठ आली. तीही कागदावर, कारण माणसं काही खान्यांत सारखी वाटली जात नाहीत. घरी सहाच्या वर गाई आणि निर्णय बाईकडे, अशा खान्यात शंभरातून एखादी बाई येणार किंवा तीही नाही. ती एक बाई संघाचं खाद्य घेत असेल तर तक्त्यात १०० टक्के छापून येणार, आणि खाली लिहिलेलं असणार, ‘यावरून असे दिसून येते की…’. मी असे रिपोर्ट पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील.

सॅम्पल ठरतं ते सगळ्यात लहान अशा गटावरून, ज्याच्याबद्दल तुम्हाला स्वतंत्र वाक्य लिहायचंय. सरकारी सर्व्हे एवढे अवाढव्य का असतात, त्याचं उत्तरही यातच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं घेतली. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांना ७०७ जिल्ह्यांपैकी प्रत्येकाबद्दल वेगळं बोलायचं होतं. भागाकार करा, जिल्ह्याला सरासरी ९०० घरं. नुसत्या ‘भारताबद्दल’ बोलायचं असतं तर याच्या किती तरी कमी घरांत काम भागलं असतं.

तेव्हा तक्ते काढून झाले की खोडरबर घ्या. या मुलीनं मोठा तक्ता खोडला, म्हैस-गाय ठेवलं, जनावरांचे तीन गट ठेवले. मी एक जुना ठोकताळा वापरते: ज्या गटांवर रिपोर्ट उभा आहे त्या प्रत्येकात शंभराच्या आसपास माणसं हवीत, आणि ज्यांचा उल्लेख जाता जाता करायचा त्यांत वीस ते पन्नास. सहाच्या वर जनावरं असलेली घरं समजा शंभरात पंधरा आहेत. तीनशेचं सॅम्पल घेतलं तर अशी ४५ मिळतील. ओझरतं लिहायला पुरेत. पण मोठे गोठेवाले हाच तुमचा विषय असेल तर त्यांची यादी वेगळी काढा, त्यांतून मुद्दाम जास्त निवडा आणि एकूण टक्केवारी काढताना त्यांचं वजन पुन्हा खरं तेवढं करा. हे न करता नुसता एकूण आकडा फुगवत बसलात तर पेट्रोल जाळाल, बाकी काही नाही.

आता सूत्र

टक्केवारी काढायची असेल तर सूत्र एवढंच:

सॅम्पल = (१.९६ × १.९६ × ०.५ × ०.५) ÷ (०.०५ × ०.०५) = ३८४.१६

वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणून ३८५. यातले तीन आकडे तीन निर्णय आहेत, आणि ते तुमचे आहेत.

१.९६ हा ९५ टक्के कॉन्फिडन्स लेव्हलचा आकडा. अशीच निवड पुन्हा पुन्हा केली तर शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा खरं उत्तर तुमच्या मर्यादेत सापडेल. सगळे हाच घेतात, तुम्हीही घ्या, यावर वेळ घालवू नका.

०.५ म्हणजे तुमच्या अंदाजानं किती लोक ‘हो’ म्हणतील. काहीच माहिती नसेल तर निम्मे धरतात, कारण तेव्हा सॅम्पल सगळ्यात जास्त लागतं आणि नंतर कमी पडलं असं होत नाही. आधीच्या माहितीवरून वीस टक्केच लोक ‘हो’ म्हणणार हे कळत असेल तर ०.२ × ०.८ घाला, ३८५ चे २४६ होतात. फक्त ही माहिती कुठली ते लिहावं लागतं.

०.०५ हा मार्जिन ऑफ एरर. चाळीस टक्के लोक संघाचं खाद्य घेतात असं तुमच्या सॅम्पलमध्ये आलं तर खरं प्रमाण ३५ ते ४५ च्या मधे, असा त्याचा अर्थ. खरा घासाघिशीचा आकडा हा आहे, आणि नेमका हाच जो तो विचार न करता पाच ठेवतो. मर्जीप्रमाणे बदलून बघा:

१० टक्के चालत असेल तर ९७
७ टक्के चालत असेल तर १९६
५ टक्के हवं असेल तर ३८५
३ टक्के हवं असेल तर १,०६८
२ टक्के हवं असेल तर २,४०१

एरर निम्मी करायची तर माणसं चौपट. दहावरून पाचवर यायला तीनशेच्या आत माणसं वाढतात, ते परवडतं. तीनवरून दोनवर यायला तेराशे वाढतात, आणि मिळतं काय, तर एक टक्का. रिपोर्ट वाचून संघ लाखो रुपयांचा निर्णय घेणार असेल तर तो एक टक्का विकत घ्यावा. एम.बी.ए.च्या प्रोजेक्टला सात टक्के पुष्कळ झाले, असं माझं मत, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ते ठामपणे सांगता येतं.

शंभरवाल्यांसाठी उलटा हिशेब: साध्या यादृच्छिक निवडीनं, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकून, घेतलेल्या शंभर माणसांवर एरर ९.८ टक्के येते. म्हणजे शंभर हा काही पापी आकडा नाही. ५२ टक्के आणि ४८ टक्के यांतला फरक त्यावरून सांगू नका, एवढंच.

पॉप्युलेशन लहान आणि मोजलेलं असेल तर ३८४.१६ ला आणखी एका पायरीतून न्यायचं: भागिले (१ + ३८३.१६ ÷ पॉप्युलेशन). सहाशे सभासदांची संस्था असेल तर २३५ येतात. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा जो तक्ता प्रत्येक ब्लॅक बुकात डकवलेला असतो, तो याच हिशेबाची तयार उत्तरं आहे. हजाराला २७८, दहा हजाराला ३७०, दहा लाखाला ३८४. यामानेंचं सूत्रही त्याच घरातलं, १.९६ चे सरळ दोन धरलेत म्हणून आकडे किंचित वर जातात. तिन्हींची नावं एकाच परिच्छेदात घातली म्हणजे अभ्यास खोल होतो असं नाही. एक वापरा आणि त्यात काय धरलंय ते सांगा.

टक्केवारीऐवजी सरासरी काढायची असेल, म्हणजे घरटी रोज किती लिटर दूध जातं असं काही, तर स्टँडर्ड डेव्हिएशन लागतं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप. ते पायलटमधून, म्हणजे आधी थोड्या घरांत केलेल्या चाचणी सर्व्हेतून, येतं. समजा ३ लिटर आलं आणि तुम्हाला सरासरी अर्ध्या लिटरच्या अंतरात हवी आहे: १.९६ गुणिले ३, भागिले ०.५, आणि त्याचा वर्ग. १३९. इथं एक गोम आहे. पायलटच्या वीस-पंचवीस घरांत एक मोठा गोठेवाला आला, रोज शंभर लिटर घालणारा, की स्टँडर्ड डेव्हिएशन एकदम उडी मारतं आणि सॅम्पल हजारांत जातं. असा माणूस यादीत दिसला तर तो आणि त्याच्यासारखे वेगळ्या गटात काढा. बाकीच्यांचा हिशेब मग माणसात येतो.

फरक सिद्ध करायचाय? मग थांबा

‘स्त्री व पुरुष उत्तरदात्यांच्या मतांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.’ पन्नास बायका, पन्नास पुरुष घेऊन लिहिलेलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. बाजू पन्नास-पन्नासच्या असतील तर प्रत्यक्षात जवळजवळ २८ टक्क्यांची तफावत असेल तरच ती दहातल्या आठ वेळा पकडली जाते. वीस टक्क्यांचा फरक, जो गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसतो, तो तुमच्या कसोटीत निसटू शकतो.

एका बाजूला ५० टक्के आणि दुसऱ्या बाजूला ६०, एवढा फरक पकडायचा तर प्रत्येक बाजूला ३८५ लागतात. एकूण नव्हे, प्रत्येक बाजूला. पशुखाद्यवाल्या मुलीनं हे ऐकून ‘निर्णय बाईचा की पुरुषाचा’ ही हायपोथेसिस (तपासायचं गृहीतक) काढून टाकली आणि तो प्रश्न नुसता वर्णनापुरता ठेवला. शहाणी मुलगी. काय-स्क्वेअर, म्हणजे तक्त्यातला फरक तपासायची कसोटी, लावणार असाल तर अपेक्षित आकडा प्रत्येक खान्यात निदान पाच यावा, नाही तर गट एकमेकांत मिसळा. आणि ‘तीस म्हणजे मोठं सॅम्पल’ हे वाक्य सर्व्हेच्या संदर्भात विसरून जा, ते दुसऱ्या कामासाठीचं आहे.

एका गावात वीस की वीस गावांत एक

इथं जरा रेंगाळते, कारण सूत्र पाठ असलेलेही इथंच फसतात.

३८५ हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा सगळ्या तालुक्याची एक यादी आहे आणि तुम्ही तिच्यातून चिठ्ठ्या काढल्या. प्रत्यक्षात तसं कोणी करत नाही. तुम्ही सांगरूळला जाता, वडणग्याला जाता, आणि एकदा गेलात की तिथंच पंधरा-वीस घरं उरकता. गाडीचं पेट्रोल वाचतं. पण एका गावातले लोक एकमेकांसारखी उत्तरं देतात. सगळे त्याच संस्थेत दूध घालतात, खाद्याचं पोतं त्याच सेक्रेटरीकडून उचलतात, बिलातून कपातही तिथंच होते. पाचव्या घरानंतर तुम्हाला नवीन काही कळत नाही. तेच पुन्हा ऐकता आणि नवीन फॉर्म म्हणून मोजता.

याची किंमत मोजायला डिझाइन इफेक्ट असतो: १ + (एका गावातली माणसं − १) × गावातल्या उत्तरांचं साम्य. साम्याचा आकडा आधीच्या एखाद्या अभ्यासात मिळाला तर उत्तम. नाही तर अशा विषयाला मी ०.०५ धरते आणि तसं लिहायला लावते. गावात वीस घरं घेतलीत तर इफेक्ट १.९५, म्हणजे ३८५ चे झाले ७५१. गावात पाचच घेतलीत तर १.२, म्हणजे ४६२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणवालेही एका ठिकाणी २२ घरांवर थांबतात, गाव कितीही मोठं असलं तरी.

आमचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर असा झाला. एरर सात टक्के, म्हणून १९६. एका गावात दहा घरं, म्हणून इफेक्ट १.४५, गुणून २८५. दहातलं एक घर बंद असेल किंवा नको म्हणेल, म्हणून भागिले ०.९. आले ३१७. म्हणजे ३२ गावं, गावात दहा घरं, एकूण ३२०. तिघं जण, माणशी दिवसाला आठ-नऊ फॉर्म. मधे रविवार, पाहुणेरावळे, पंक्चर धरूनही तीन आठवड्यांत बसतं. बसलं नसतं तर आम्ही एरर वाढवली असती, गावं कमी केली नसती.

गावं कशी निवडायची? मोठ्या गावाला निवडून यायची संधी मोठी मिळाली पाहिजे. गावांची यादी करा, प्रत्येकासमोर दूध घालणाऱ्यांची संख्या लिहा, खाली खाली बेरीज करत या. एकूण बेरजेला ३२ ने भागा, तेवढं अंतर. पहिल्या अंतरातला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि मग त्या अंतरानं पुढे चालत जा. आकडा ज्या गावात पडेल ते गाव. ‘पाचगाव जवळ आहे, तिथं मामा आहे’ हा निकष चालणार नाही. शहराला चिकटलेल्या गावांतच फिरलात तर अर्ध्या घरांतून म्हशी जाऊन फ्लॅट आलेत, असं काही तरी तुमच्या रिपोर्टात येईल.

गावात गेल्यावर यादी कुठली घ्यायची, हेही ठरवून जा. सेक्रेटरी सभासद रजिस्टर पुढे करेल. त्यात वारलेली माणसं असतात, आणि कधीच दूध न घालणारीही असतात. त्यापेक्षा शेवटच्या बिलाची यादी मागा. त्यात ज्यांनी खरंच दूध घातलं तेवढीच नावं असतात. ऐंशी नावं असतील तर दर आठवं घ्या, सुरुवात पहिल्या आठांतल्या कुठल्याही एकापासून.

नकार आणि गूगल फॉर्म

गावात पहिला प्रश्न तुम्ही विचारत नाही, ते विचारतात. “कशाला पायजे ही माहिती? अनुदान-बिनुदान मिळणार हाय काय?” आणि संघाच्या निवडणुकीचे दिवस असतील तर, “कुठल्या पार्टीकडनं आलाईसा?” दोन्हींना खरं उत्तर द्या: कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, मिळणार काही नाही, नाव कुठं छापणार नाही. माणसं बसवून चहा देतात. वेळ तेवढी त्यांची पाळा. पहाटे आणि संध्याकाळी धारा असतात, ऊसतोड चालू असेल तर घरातलं माणूस दिवसभर फडात. घर बंद दिसलं की शेजारचं घर धरू नका. जे घर रिकामं सापडतं ते शेतकऱ्याचं, आणि जे उघडं सापडतं ते दुकानदाराचं किंवा रिटायर माणसाचं, असं होऊन सगळं सॅम्पल एका बाजूला कलतं. दोनदा पुन्हा जा, मग नाद सोडा आणि वहीत लिहा: बंद.

गूगल फॉर्मचं तर विचारूच नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवला, पाचशेंनी पाहिला, सव्वाशे जणांनी भरला. मुलगा म्हणतो, मॅडम, अजून दोन ग्रुपवर टाकतो. टाक. पण भरणारी माणसं तीच, त्याच वयाची, तुझ्याच ओळखीची. संख्या वाढेल, कल तसाच राहील. रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून विचारलं, महाद्वार रोडला रविवारी विचारलं, तरी हीच अडचण, कारण तिथं त्या वेळी न येणारा माणूस तुमच्या हाती कधीच लागत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणाऱ्यांना विचारून ‘कोल्हापूरकर दूध किती पितात’ हे काढणाऱ्याबद्दल तर मी काही बोलत नाही.

संख्या वाढवून कल जात नाही, हा प्रश्न जुना आहे. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज काढायच्या पीक कापणी प्रयोगांत शेताचा केवढा तुकडा कापायचा यावर १९४० च्या दशकात महालनोबिस आणि आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, या दोन संख्याशास्त्रज्ञांचा चांगलाच वाद झाला होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. असे तुकडे शंभराऐवजी हजार कापले तरी फुगवटा तसाच राहतो.

म्हणून निवड सोयीची झाली असेल तर तसं सरळ लिहा: ‘सोयीचा नमुना’. त्याखाली मार्जिन ऑफ एरर लिहू नका, कारण तिचं सूत्र चिठ्ठ्या काढलेल्या सॅम्पलसाठी आहे. अशा वेळी सॅम्पल वेळ आणि पैसा पाहून ठरवलं हे सांगायला लाज कसली?

तिसऱ्या प्रकरणात काय लिहायचं

एवढं केलं की सॅम्पलिंगचा परिच्छेद आपोआप लिहिला जातो. पशुखाद्यवालीचा साधारण असा होता:

‘करवीर तालुक्यातील गावांमधून दूध उत्पादकांच्या संख्येच्या प्रमाणात ३२ गावे निवडली. प्रत्येक गावातील संस्थेच्या शेवटच्या बिलाच्या यादीतून ठरावीक अंतराने १० उत्पादक निवडले. कॉन्फिडन्स लेव्हल ९५ टक्के, मार्जिन ऑफ एरर ७ टक्के, प्रमाण ०.५ आणि डिझाइन इफेक्ट १.४५ धरून २८५ उत्तरांची गरज निघाली. दहा टक्के नकार गृहीत धरून ३२० उत्पादकांची निवड केली.’

यात ‘म्हणून १०० घेतले’ कुठंच नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोणी विचारलं की ३२० च का, तर प्रत्येक आकड्याला उत्तर आहे.

फॉर्म गोळा झाल्यावर शेवटचं एक काम उरतं, ते सहसा राहून जातं. किती घरं बंद होती, किती जणांनी नकार दिला, किती फॉर्म अर्धवट राहिले, हे त्या वहीतून काढून लिहा. आणि जेवढे पूर्ण फॉर्म हाती आले तेवढ्यांवर एरर पुन्हा काढा. २९० आले असतील तर २९० भागिले १.४५, म्हणजे २०० माणसांइतकी ताकद, आणि एरर ६.९ टक्के. २४० च आले तर ७.६. तोच आकडा तक्त्यांच्या खाली घाला. उरलेले तीस-चाळीस फॉर्म घरी बसून भरायचा मोह होतो, हे मला माहीत आहे. पण एकाच हातानं, एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेले फॉर्म तपासणाऱ्याला गठ्ठा चाळतानाच ओळखू येतात.